गाडी चालवून नाही, फुल्ल करून उन्हात उभी ठेवून कॅथोड जातो

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकमधे पंचवटीहून अंबडला फर्स्ट शिफ्टला रोज इलेक्ट्रिक स्कूटरने जाता, गाडी ३ वर्षं जुनी, २४ हजार किलोमीटर, एनएमसी प्रकारच्या लिथियम बॅटरीचा पॅक, नवी होती तेव्हा ८५ जायची आता ६० ला दम टाकते, आणि परवा त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या चढाला डबलसीट असताना मीटरवर ३० टक्के दिसत होते आणि गाडी गपकन बंद पडली. सर्व्हिसवाला म्हणाला "कॅथोडचं स्ट्रक्चर खराब झालंय, अख्खा पॅक बदला". आणि तुम्ही विचारताय की असं खरंच काही असतं की गिऱ्हाइकाला गप्प करायला वापरलेला जड शब्द आहे.

असतं, शंभर टक्के असतं. कॅथोड म्हणजे सेलची प्लसची बाजू. पण त्याने ते बघितलं कसं हा माझा पहिला प्रश्न, कारण कॅथोडचं स्ट्रक्चर बघायचं तर सेल फोडावा लागतो, तोही आरगॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समधे, मग एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना बघणं), मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. पत्र्याच्या शेडमधे लॅपटॉप लावून ते दिसत नाही. मी आधी इन्व्हर्टरच्या ॲसिड बॅटऱ्यांत होतो, मग पुण्यात एका सेल टेस्टिंग लॅबमधे ६ वर्षं काढली, आता अंबडलाच पॅक रिपेअर करतो, त्यामुळे दोन्हीकडची बाजू माहितीये. माझ्याकडे "सेल गेले" म्हणून येणाऱ्या पॅकमधे बऱ्याचदा सगळे सेल गेलेले नसतातच, एखादा ग्रुप (एकत्र जोडलेले काही सेल) मागे पडलेला असतो आणि तो बाकीच्यांना खाली ओढतो. त्याच्याकडे शेवटी येतो, आधी कॅथोडचं समजून घ्या कारण पुढची बॅटरी कशी वापरायची ते त्यावरच आहे.

एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. याची रचना थरांची असते, एक थर धातू आणि ऑक्सिजनचा, मधे मोकळी गल्ली, त्या गल्लीत लिथियम, परत धातू-ऑक्सिजनचा थर, असं चिरोट्यासारखं. चार्ज करताना लिथियम गल्लीतून बाहेर पडून पलीकडे ग्राफाइटमधे (मायनसची बाजू, म्हणजे ॲनोड) जाऊन बसतो, गाडी चालवताना परत घरी येतो. हे थरांचं डोकं गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या टीमचं, १९८० सालचं, तेव्हा नुसता कोबाल्ट होता, १९९१ मधे सोनीने त्याचीच बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ मधे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना नोबेल मिळालं. पण तेव्हापासून एक गोष्ट बदलली नाहीये, ती म्हणजे या थरांमधून सगळा लिथियम बाहेर काढता येत नाही. कोबाल्टवाल्या जुन्या सेलमधे ४.२ व्होल्टपर्यंत जेमतेम अर्धाच काढायचे. का, तर लिथियम हा नुसता प्रवासी नाहीये, तो त्या बिल्डिंगचा खांब पण आहे. जेवढे खांब काढाल तेवढे मजले डुगडुगणार.

आता निकेल वाढवला की त्याच व्होल्टेजला जास्त लिथियम बाहेर येतो म्हणून रेंज वाढते, म्हणून कंपन्या १११ वरून ५३२, ६२२ आणि मग ८११ वर गेल्या (हे आकडे म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचं प्रमाण, ८११ म्हणजे आठ भाग निकेल). कोबाल्ट महाग पण आहे, तो कमी झाला की पैसे वाचतात. पण जास्त लिथियम बाहेर म्हणजे जास्त खांब बाहेर. फुकट काहीच मिळत नाही.

खराब होतं म्हणजे नक्की काय होतं तर एकच गोष्ट होत नाही, तीन-चार गोष्टी हातात हात घालून होतात.

पहिली, सीट बळकावणे. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अपडाऊन केलेल्यांना हे लगेच कळेल. लिथियम आयनची साइज ०.७६ अँगस्ट्रॉम, निकेलच्या टू-प्लस आयनची ०.६९, म्हणजे जवळजवळ सारखीच. बॅटरी फुल्ल चार्ज असते तेव्हा लिथियमच्या सीटा रिकाम्या असतात, शेजारच्या थरातला निकेल हळूच सरकून तिथे जाऊन बसतो. आणि एकदा बसला की उठत नाही, पासवाला आला तरी. लिथियम परत आला की त्याची सीट गेलेली, शिवाय निकेल गल्लीच्या मधे बसल्यामुळे बाकीच्या लिथियमलाही पलीकडे जाता येत नाही. हे आधी पृष्ठभागावर होतं. तिथे थरांची रचना मोडते, मधली पायरी म्हणून स्पिनेल नावाच्या रचनेसारखी होते आणि शेवटी मिठाच्या खड्यासारखी, म्हणजे निकेल ऑक्साइडची, रॉकसॉल्ट म्हणतात तिला. जाडी म्हणाल तर काही नॅनोमीटर, पण लिथियमच्या दृष्टीने दारातच भिंत बांधल्यासारखं. आत माल आहे, पण दार अर्धं बंद. अंजनेरीला तुमची गाडी अशी बंद पडू शकते, कारण बॅटरीत लिथियम शिल्लक असतो पण चढाला जेवढ्या वेगाने तो यायला पाहिजे तेवढ्या वेगाने येत नाही, रेझिस्टन्स वाढलेला असतो, लोड आला की व्होल्टेज धप्पकन बसतं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, कट मारतो. पाच मिनिटं थांबून परत चालू केली तर चालू होते. तुमची झाली असेल, बरोबर ना?

आता दुसरी, आणि यातली खरी वाईट गोष्ट अशी की थरांची रचना मिठाची होते तेव्हा धातूच्या मानाने ऑक्सिजन जास्त होतो, तो सोडावाच लागतो. हा ऑक्सिजन तिथेच असलेल्या इलेक्ट्रोलाइटला (सेलमधल्या द्रावणाला) लागतो, त्याचं विघटन होतं, गॅस होतो, सेल फुगतो. हे साध्या वापरात हळूहळू होतं. पण सेल कुठल्याही कारणाने, शॉर्ट म्हणा ओव्हरचार्ज म्हणा, दोनशे-अडीचशे डिग्रीच्या घरात गेला की चार्ज असलेला निकेलवाला कॅथोड भराभर ऑक्सिजन सोडतो, आणि आगीला बाहेरच्या हवेची वाट बघावी लागत नाही. निकेल जितका जास्त तितकं हे कमी तापमानाला सुरू होतं. एप्रिल २०२२ मधे पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या स्कूटर पेटल्या होत्या ते आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे, त्या वर्षी देशभरात अशा बातम्या आल्या आणि मग एआयएस-१५६ चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे, नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यात. पण रेंज कमी झाली म्हणजे आता आग लागणार असं अजिबात नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, घाबरू नका. फुगलेला सेल मात्र घरात ठेवू नका.

तिसरी गोष्ट भेगा, आणि हे मी स्वतःच्या डोळ्याने इतक्या वेळा बघितलंय की हा माझा आवडता विषय आहे म्हणा ना. कॅथोडची पावडर म्हणजे एकेक कण सलग नसतो. राजगिऱ्याचा लाडू आठवा. अख्खा लाडू साधारण १० मायक्रॉनचा, आणि तो बनलाय काहीशे नॅनोमीटरच्या बारीक दाण्यांचा, एकमेकांना चिकटलेले. आता लिथियम बाहेर पडायला लागला की थर आधी एकमेकांपासून लांब जातात, कारण मधला लिथियम गेल्यावर ऑक्सिजनचे थर एकमेकांना ढकलतात, आणि मग ४.१-४.२ व्होल्टच्या आसपास, जास्त निकेलवाल्यात, ते अचानक खाली बसतात. फुगतं, फुगतं आणि धपकन बसतं. आणि प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी, एक उभा बसणार दुसरा आडवा, मग मधल्या सांध्यावर ताण येतो. रोज एकदा असं केलं तर लाडवाचं काय होणार. लॅबमधे आम्ही सायकल करून थकवलेल्या सेलचे इलेक्ट्रोड कापून मायक्रोस्कोपखाली बघायचो, नवा कण घट्ट आणि जुना असा की बोटात धरला तर भुगा होईल असं वाटायचं, मधून चारी बाजूला भेगा गेलेल्या. भेग पडली की दोन तोटे, एक म्हणजे आतल्या दाण्यांचा विजेचा कॉन्टॅक्ट सुटतो, ते जागेवर असून कामाचे नाहीत, आणि दुसरं जे जास्त वाईट, इलेक्ट्रोलाइट त्या भेगेतून आत शिरतो आणि जो मिठाचा थर फक्त बाहेरून होता तो आता आतल्या प्रत्येक दाण्यावर चढायला लागतो. म्हणजे पहिल्या आजाराला तिसऱ्याने दार उघडून दिलं.

यावर उपाय म्हणून लाडूच नको, अख्खा एकच खडा वापरा, सिंगल क्रिस्टल म्हणतात, अशी पद्धत आली. कॅनडात डलहौसी युनिव्हर्सिटीत जेफ डान यांच्या टीमने २०१९ मधे ५३२ च्या सिंगल क्रिस्टलचे आकडे छापले आणि पेपरवाल्यांनी त्याला दहा लाख मैलांची बॅटरी म्हटलं. याशिवाय वरून ॲल्युमिना किंवा झिर्कोनियाचं पातळ कोटिंग, आत थोडं ॲल्युमिनियम, टंगस्टन किंवा झिर्कोनियम मिसळणं, हे सगळं चालू आहे. कोरियात तर मधे निकेल जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी असा उतरता कण बनवलाय, आत ताकद बाहेर टिकाऊपणा. पण स्वस्त स्कूटरच्या पॅकमधे यातलं काय असतं हे सेलचा डेटाशीट मागितल्याशिवाय कळत नाही, आणि डेटाशीट मागितलं की विकणारा विषय बदलतो.

चौथी गोष्ट धातू विरघळणे. इलेक्ट्रोलाइटमधे जो लिथियमचा क्षार असतो, एलआयपीएफ६, त्याला पाण्याचा अंश मिळाला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, अगदी थोडंसं, पण ते कॅथोडमधून मँगनीज खेचतं. तो मँगनीज पलीकडे ग्राफाइटवर जाऊन बसतो आणि तिथलं संरक्षक आवरण बिघडवतो, मग ते आवरण परत बनायला लिथियम खातं. म्हणजे दुखणं कॅथोडचं, खर्च ॲनोडच्या खात्यात. नुसत्या मँगनीजच्या स्पिनेलला हा त्रास सगळ्यात जास्त, आणि उष्णतेत तर विचारूच नका. निसानची पहिली लीफ मँगनीजवाली होती आणि बॅटरीला कूलिंग नव्हतं, २०१२ मधे अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात लोकांच्या गाड्यांची क्षमता इतकी भराभर पडली की गाजलं ते प्रकरण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि गाड्या पत्र्याखाली उभ्या असतात. डोक्यात ठेवा.

पाण्यावरून आठवलं. लॅबमधे एकदा जुलै महिन्यात जास्त निकेलच्या पावडरची पिशवी कोणीतरी नीट सील न करता ठेवली. दुसऱ्या दिवशी स्लरी, म्हणजे कोटिंगचा पातळ लेप, करायला घेतली तर तासाभरात भांड्यात श्रीखंड. अक्षरशः चमचा उभा राहील इतकं घट्ट, कोटिंग मशीनमधे घालायची सोयच नाही. झालं काय होतं, तर या पावडरच्या पृष्ठभागावर उरलेला लिथियम असतो, तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट बनतो, आणि त्या अल्कलीमुळे पावडर धरून ठेवणारा पीव्हीडीएफ बाइंडर जेल होतो. पावसाळ्यात पापड उघडे ठेवले तर आई ओरडायची ना, तसाच आमचा साहेब त्या दिवशी ओरडला. सांगायचं एवढंच की या कॅथोडची तब्येत कारखान्यातच नाजूक असते, गाडीत बसवण्याच्या आधीपासून.

आता तुमच्या कामाचं. वरच्या चारही गोष्टी नीट बघा, तीन गोष्टींनी त्या वाढतात: जास्त व्होल्टेज, जास्त तापमान आणि तिथे घालवलेला वेळ. किलोमीटर यात आहेत, भेगांपुरते आहेत, पण लोक समजतात तितके नाहीत. तुम्ही लिहिलंय की दुपारी साडेतीनला शिफ्टवरून आलं की लगेच गाडी पत्र्याखाली लावून चार्जिंगला टाकता आणि सकाळी सहाला काढता. म्हणजे उन्हातून तापून आलेली बॅटरी, तिला लगेच चार्जर, संध्याकाळी आठपर्यंत फुल्ल, आणि मग रात्रभर ४.२ व्होल्टवर टांगून. रोजचे दहा तास, ३ वर्षं. तुमच्या कॅथोडने गाडी ओढण्यापेक्षा फुल्ल भरून उभं राहण्यातच जास्त आयुष्य घालवलंय. रोजचं अंतर तुमचं जाऊन-येऊन २५ किलोमीटरच्या आत, म्हणजे तुम्हाला १०० टक्क्यांची गरज एक दिवसही नव्हती!

म्हणून नवीन पॅक घ्या किंवा हाच चालवा, सवय बदला. आल्यावर गाडी सावलीत दोन-तीन तास थंड होऊ द्या. गाडीत ८० किंवा ९० टक्क्यांची लिमिट असेल तर लावा, नसेल तर साधा टायमर सॉकेट आणा आणि पहाटे सहाला चार्ज संपेल असं लावा, स्वस्तातलं काम आहे. मी माझ्या स्वतःच्या गाडीचा चार्जर ट्रिम करून घेतलाय, १४ सेलच्या सिरीजला ५८.८ ऐवजी ५७.४ व्होल्ट, म्हणजे सेलला ४.१. साधारण १० टक्के क्षमता सोडून दिली पण तो धपकन बसणारा भाग टळला. हे घरी करू नका, वॉरंटी असेल तर अजिबातच नाही, चार्जर उघडणं जिवावरचं काम आहे. दिवाळीला गावी चाललात तर अर्ध्यावर ठेवून जा, फुल्ल करून नाही. आणि रिकामी पण नाही, शून्यावर महिनाभर पडलेला पॅक माझ्याकडे आला की मी हात जोडतो.

एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी) घेऊ का असं विचारलंय. घ्या, नाशिकच्या रोजच्या वापराला मी तेच सांगतो. १९९७ चा शोध, तोही गुडइनफ यांच्याच लॅबमधला, यात थर नाहीतच, ऑक्सिजन हा फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहजासहजी सुटत नाही, म्हणून रचना टिकते आणि आगीची भीतीही बरीच कमी. व्होल्टेज ३.२ च्या आसपास म्हणून तेवढ्याच रेंजला पॅक जड आणि मोठा होतो, एवढं सोसायचं. पण एलएफपी अमर आहे असं जे विकणारे सांगतात ते ऐकू नका, कॅथोड टिकला तरी ग्राफाइटच्या बाजूने लिथियम संपतच असतो, उष्णतेत जास्त. आणि त्याचं व्होल्टेज मधल्या सगळ्या भागात इतकं सपाट असतं की बीएमएसला किती टक्के उरलेत ते नीट कळत नाही, म्हणून त्याला मात्र आठवड्यातून एकदा फुल्ल करायचं असतं. एनएमसीचा नियम इथे आंधळेपणाने लावू नका.

अजून एक, "बॅटरी रिव्हाइव्ह करून देतो" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. ॲसिडच्या बॅटरीत सल्फेट जमतं, ते पल्स देऊन थोडंफार परत विरघळतं, मी स्वतः केलंय ते वर्षानुवर्षं. तीच मशीन काही लोक आता लिथियमला लावतात. निकेलने बळकावलेली सीट पल्सने रिकामी होत नाही आणि गेलेला ऑक्सिजन परत येत नाही. कॅथोड दुरुस्त करता येतो, नाही असं नाही, पण त्यासाठी सेल फोडून पावडर वेगळी काढायची, तिला परत लिथियम द्यायचं आणि ऑक्सिजनमधे सात-आठशे डिग्रीला भाजायचं. ते रिसायकलिंगचं काम आहे, टेबलावरचं नाही.

राहिलं तुमच्या पॅकचं निदान. पैसे भरायच्या आधी, पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर आणि गाडी कट झाल्यावर, दोन्ही वेळा प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज मागा, बीएमएसच्या ॲपमधे ते दिसतं. कट झाला तेव्हा एकच ग्रुप ३ च्या खाली आणि बाकी सगळे ३.५ ला असतील तर तुमचा कॅथोड बिथोड काही नाही, तो एक ग्रुप मेलाय किंवा निकेल पट्टीचं स्पॉट वेल्डिंग सुटलंय किंवा बॅलन्सिंग चालत नाहीये, यातलं पट्टीचं आणि बॅलन्सिंगचं काम स्वस्तात होतं. सेल मेलेले असतील तर नवे कोरे सेल जुन्यांत घालू देऊ नका, त्याच वयाचे, मापून जुळवलेले पाहिजेत, नाहीतर सहा महिन्यांत परत तेच.

सगळे ग्रुप एकसारखेच खाली येत असतील तर मग दुसरी टेस्ट, तीच पॅकची क्षमता एकदा नेहमीच्या लोडला आणि एकदा अगदी हळू, वीस तासांत रिकामा होईल इतक्या कमी करंटला मोजायची. हळू मोजल्यावर क्षमता बरीचशी परत आली तर माल आत आहे, दार अरुंद झालंय, म्हणजे रेझिस्टन्सचा मामला, आणि तिथे कॅथोडवर संशय घ्यायला जागा आहे. अशा पॅकला चढ आणि डबलसीट टाळून सपाट रस्त्यावर अजून वर्ष-दीड वर्ष चालवता येतं. हळू मोजूनही तेवढीच भरली तर लिथियमच संपलाय नाहीतर कण सुटे झालेत, मग बदलाच. तुमचं अंजनेरीचं लक्षण ऐकून मला आधी एक ग्रुप कमजोर असल्याचा वास येतोय, कारण सगळे एकसारखे थकले असते तर ३० टक्क्यांच्या बरंच आधीपासून गाडी मरगळल्यासारखी वाटली असती आणि तुम्ही तसं काही लिहिलं नाहीये.

सर्व्हिसवाल्याला ग्रुपचे आकडे लेखी मागा. दिले तर इथेच टाका, मी बघून सांगतो. आणि जुना पॅक शेवटी बदललाच तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमाने तो परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, एक्सचेंजचे पैसे तिथे मागून बघा.